अशील, कैफियत आणि राष्ट्राध्यक्षपद

वकिली करता करता राजकारणात शिरलेल्या माणसाचे आपल्याकडे कुणालाच नवल वाटत नाही. मुंबई हायकोर्टाच्या बाररूममधून सभेच्या व्यासपीठावर आणि तेथून कायदेकौन्सिलात जाण्याची वाट गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इतकी रुळली होती की, बॅरिस्टर ही पदवी म्हणजे पुढारीपणाचा परवानाच आहे असे एखाद्यास वाटावे. परंतु वकिली म्हणून जिला आपण सरसकट एका नावाने ओळखतो, तिचेही पोटभेद आहेत. जमीनजुमल्याचे आणि देण्याघेण्याचे दावे चालविणारा वकील आज सावकाराचे वकीलपत्र घेतो, उद्या कुळाचे घेतो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. मानवी हक्कांचे खटले चालविणाऱ्या वकिलाची गोष्ट निराळी. त्याचे अशील बदलतात; आज एखादी टाकलेली स्त्री, उद्या एखादा कैदी, परवा ज्याचे नाव घेणेही प्रतिष्ठितांस प्रशस्त वाटत नाही असा कुणी मनुष्य; पण समोरच्या बाकावर बसणारा प्रतिपक्ष मात्र कधीच बदलत नाही. तो प्रतिपक्ष म्हणजे सरकार. पंचवीस वर्षे ज्याने सरकारला प्रतिवादी म्हणून पाहिले, तोच मनुष्य एके दिवशी राज्याच्या सर्वोच्च आसनावर जाऊन बसला, तर त्याच्या दृष्टीचे काय होते, हा प्रश्न मला नेहमी कुतूहलाचा वाटत आला आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्यासारखे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आरंभ त्यांच्यापासून न करता त्यांच्या एका अशिलापासून करणे अधिक बरे. आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क नावाचे शहर आहे. तेथे जोसी एअरी नावाची, चार मुलांची आई असलेली, बेताच्या परिस्थितीतील एक बाई राहत होती. नवरा मारहाण करणारा. १९७२ साली त्याच गुन्ह्याबद्दल स्थानिक न्यायालयाने त्याला दंडही केला होता. त्या काळी आयर्लंडच्या राज्यघटनेनेच घटस्फोटास बंदी घातलेली असल्यामुळे, अशा स्त्रीला विभक्त राहण्याचा न्यायालयीन हुकूम मिळविणे एवढाच मार्ग मोकळा होता आणि तो हुकूम देण्याचा अधिकार फक्त हायकोर्टाला होता. हायकोर्टात वकील लावावयाचा तर खर्च शेकडो पौंडांच्या घरात, आणि बाईंच्या हाती पडणारा आठवड्याचा पगार १९७८ च्या अखेरीस चाळीस पौंडांहूनही एक पेनी कमी. दिवाणी कामात गरिबाला सरकारी खर्चाने वकील देण्याची सोयच त्या देशात नव्हती. एअरीबाईंनी वकिलांचे उंबरठे झिजविले, कुणी काम घेईना. तेव्हा १९७३ साली त्यांनी थेट स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला आणि पुढे तेथील न्यायालयात हे प्रकरण उभे राहिले, त्या वेळी त्यांची बाजू मांडण्यास मेरी रॉबिन्सन उभ्या राहिल्या.

आयरिश सरकारची कैफियत मोठी साळसूद होती. हायकोर्टाचे दरवाजे या बाईस कुणी बंद केले आहेत? वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती कायद्यात कोठे आहे? त्यांनी स्वतः येऊन आपले म्हणणे मांडावे! कागदावर हा युक्तिवाद बिनचूक होता. परंतु १९७२ पासून १९७८ च्या अखेरपर्यंत आयर्लंडमध्ये अशा स्वरूपाचे जे २५५ अर्ज दाखल झाले, त्यांपैकी एकाही अर्जदाराने वकिलावाचून काम चालविले नव्हते, ही वस्तुस्थिती न्यायालयापुढे आली आणि त्या एका आकड्याने सरकारी कैफियतीतला सारा जीव निघून गेला. ९ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला की, जो हक्क केवळ पुस्तकात आहे आणि बजावता येत नाही, तो दिल्याचे श्रेय सरकारला घेता येणार नाही. त्यानंतर आयर्लंडमध्ये दिवाणी दाव्यांसाठी कायदेशीर मदतीची योजना सुरू झाली. दार उघडे असणे आणि त्यातून आत जाता येणे या दोन गोष्टींमधील अंतर मोजण्याची जी सवय या खटल्यात दिसते, ती रॉबिन्सनबाईंना पुढे जन्मभर पुरली.

त्यांचा जन्म १९४४ साली मेयो परगण्यातील बॅलिना या गावी, डॉक्टर आईबापांच्या पोटी, चार भावांत एकटी मुलगी म्हणून झाला. आजोबा वकील, गोरगरिबांच्या दाव्यांच्या हकीकती त्यांनी नातीला ऐकविल्या आणि कायद्याचे वेड तेथेच लागले, असे त्या स्वतः सांगत आल्या आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कायदा शिकत असताना, १९६७ साली, विद्यार्थ्यांच्या कायदाविषयक मंडळाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी जे भाषण केले, त्यात घटस्फोटावरील घटनात्मक बंदी उठवावी, संततिनियमनाच्या साधनांवरील बंदी काढावी आणि समलिंगी संबंध व आत्महत्येचा प्रयत्न या गोष्टी गुन्ह्यांच्या यादीतून वगळाव्यात, अशा मागण्या होत्या. कॅथलिक धर्मपीठाचा शब्द जेथे मंत्रिमंडळाच्या शब्दाहून जड होता, अशा देशात बावीस वर्षांच्या मुलीने हे बोलावे, हे धाडसच म्हटले पाहिजे. पुढे हार्वर्डला जाऊन आल्यावर पंचविसाव्या वर्षी त्या ट्रिनिटीत घटनाकायद्याच्या प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी, १९६९ मध्ये, विद्यापीठाच्या मतदारसंघातून, म्हणजे आपल्या विधान परिषदेतील पदवीधर मतदारसंघासारख्या जागेवरून, सिनेटवर निवडून आल्या.

१९७१ साली त्यांनी संततिनियमनाच्या साधनांवरील बंदी उठविणारे विधेयक आणले, तेव्हा सिनेटने त्याच्या पहिल्या वाचनासही अनुमती दिली नाही. म्हणजे विधेयक वाईट ठरले असे नव्हे, ते छापून सभासदांच्या हाती देण्यासही सभागृह राजी नव्हते. डब्लिनच्या आर्चबिशपांचे निषेधपत्र चर्चांमधून वाचले गेले आणि बाईंच्या टपालात शिव्याशापांची पत्रे येऊन पडू लागली. हा प्रसंग वाचताना मराठी वाचकाला आपल्याकडची एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटल्यात हार झाली. पण चार वर्षांनी, १९३८ मध्ये, आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला आणि तोही नामंजूर झाला. न्यायालयात हरलेली बाजू कायदेमंडळात नेणे आणि तेथे ती हरली तर पुन्हा न्यायालयाकडे वळणे, हा हक्कांच्या वकिलांचा सर्वत्र आढळणारा रिवाज आहे. निव्वळ राजकारणी मनुष्य पराभवानंतर विषय बदलतो. या जातीचा वकील केवळ इजलास बदलतो.

रॉबिन्सनबाईंनी तेच केले. आयर्लंडमधील ज्यूरीचा कायदा १९२७ चा. त्याप्रमाणे मालमत्तेवर कर भरणारेच ज्यूरीत बसावयाचे, आणि स्त्रियांना त्यातून सूट होती. म्हणजे एखाद्या बाईला बसावयाचेच असेल तर तिने आपण होऊन अर्ज करावा. सूट हे नाव गोड होते, पण परिणाम असा की ज्यूरीच्या बाकावर स्त्री दिसणे ही अपूर्वाई झाली. निदर्शनात पकडल्या गेलेल्या दोन स्त्रियांनी या कायद्यास आव्हान दिले, त्यांच्या वकिलांत रॉबिन्सनबाई होत्या, आणि १९७५ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने तो घटनाविरोधी ठरविला. ट्रिनिटीतच इंग्रजी शिकविणारे डेव्हिड नॉरिस यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या व्हिक्टोरियन कायद्यांविरुद्ध दाद मागितली, ती आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टात १९८३ साली तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली गेली. पण १९८८ साली स्ट्रासबुर्गला तेच प्रकरण त्यांनी जिंकले आणि तेथेही युक्तिवाद रॉबिन्सनबाईंचाच होता. ज्या साम्राज्याच्या पेटाऱ्यातून हे कायदे डब्लिनला गेले, त्याच पेटाऱ्यातून आपल्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम आले आणि ते निष्प्रभ होण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

येथवर वकिलीचे गुण दिसले. तिची राजकारणात पडणारी किंमतही सांगितली पाहिजे. रॉबिन्सनबाई मजूर पक्षातर्फे १९७७ आणि १९८१ साली कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा पडल्या. दारोदार हिंडून, पाठीवर हात ठेवून, रस्त्याच्या आणि पेन्शनीच्या तक्रारी ऐकून मते मिळविण्याची कला त्यांच्यापाशी नव्हती. त्याहून बोलके उदाहरण १९८५ चे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि आयरिश पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी उत्तर आयर्लंडविषयी करार केला. डब्लिनला प्रथमच उत्तरेच्या कारभारात बोलण्याचा अधिकार मिळाला. आयरिश राष्ट्रवाद्यांना आनंद झाला. आणि नेमक्या त्या क्षणी या बाईंनी सत्तेत सहभागी असलेल्या आपल्या पक्षाचा राजीनामा दिला. कारण काय, तर उत्तरेतील प्रॉटेस्टंट युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या, समाजाला विश्वासात न घेता, त्याची कैफियत न ऐकता, त्याच्याविषयीचा दस्तऐवज तयार झाला! हा समाज त्यांचा मतदार नव्हता, मित्रही नव्हता. व्यवहारचतुर सहकाऱ्यांना हा केवळ हेकटपणा वाटला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु उभय पक्षांचे ऐकल्याशिवाय निवाडा नाही, हे तत्त्व ज्यांनी बारमध्ये पाळले, त्यांना करारनाम्याच्या बाबतीत ते गुंडाळून ठेवता आले नाही. राजकारणी म्हणून त्यांचे नुकसान झाले. मला मात्र त्यांच्या एकंदर चरित्रात हा राजीनामा फार मोलाचा वाटतो.

१९९० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत मजूर पक्षाने पाठिंबा दिल्यावर त्या कशा उभ्या राहिल्या, प्रतिस्पर्धी ब्रायन लेनिहन एका जुन्या दूरध्वनी-प्रकरणात कसे सापडले आणि पहिल्या पसंतीच्या मतांत मागे असूनही दुसऱ्या पसंतीच्या मतांवर बाई कशा निवडून आल्या, ही कथा रंजक असली तरी आपल्या विषयाच्या बाहेरची आहे. महत्त्वाचे आहे ते पद. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष जवळजवळ आपल्या राष्ट्रपतीसारखाच घटनेने बांधलेला असतो. आणि हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही, कारण आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण १९३७ च्या आयरिश घटनेवरूनच सुचलेले आहे. 'होमरूल' हा शब्द टिळकांच्या पिढीने आयर्लंडकडून घेतला होता, त्याच्यापुढची ही देवघेव. त्या घटनेप्रमाणे सरकारच्या संमतीवाचून राष्ट्राध्यक्षाला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही की राष्ट्राला उद्देशून अधिकृत भाषण करता येत नाही. आधीच्या अध्यक्षांनी या बंधनांतून, हे पद शोभेचे आहे, असा बोध घेतला होता.

रॉबिन्सनबाईंनी घटना वकिलाच्या नजरेने वाचली. जे निषिद्ध म्हणून लिहिले आहे तेवढेच निषिद्ध. जेथे घटना मौन आहे तेथे मोकळीक आहे, असे त्यांनी धरले. पंतप्रधान चार्ल्स हॉही यांनी १९९१ साली लंडनला एक प्रतिष्ठित व्याख्यान देण्यास जाण्याची अनुमती नाकारली, तेव्हा त्यांनी कटकट केली नाही. निकाल विरुद्ध गेला तरी कोर्टाचा अवमान न करण्याची ही वकिली शिस्त होती. पण देशाच्या आत कुठे जावे, कुणाला भेटावे, कुणाला आपल्या निवासस्थानी चहाला बोलवावे, यावर घटनेत बंधन नव्हते; म्हणून खेड्यापाड्यांतील महिला मंडळे, फिरस्त्या जमातीची माणसे, अपंगांच्या संस्था, ज्यांना फीनिक्स पार्कमधील त्या वाड्याचे फाटकही ठाऊक नव्हते, ती सगळी आत येऊ लागली. देशोधडीस लागलेल्या आयरिश लोकांसाठी त्या वाड्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा सतत तेवत ठेवण्याचा प्रघातही त्यांचाच.

जून १९९३ मधील बेलफास्टची भेट या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. पश्चिम बेलफास्टमधील गरीब कॅथलिक वस्तीने आपल्या कलाकारांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मेळाव्यास त्यांना बोलावले. तेथे सिन फेनचे नेते जेरी अॅडम्स हजर राहणार, हे उघड होते. आणि सिन फेन म्हणजे सशस्त्र आयआरएचे राजकीय अंग, असे मानले जात असल्यामुळे अॅडम्सचा आवाज त्या वेळी ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही देशांच्या प्रसारणावरून वर्ज्य होता. ब्रिटिश सरकारने नाराजी कळविली. ज्यांनी त्यांना उमेदवारी दिली होती, ते डिक स्प्रिंगच आता परराष्ट्रमंत्री होते, तेही अस्वस्थ झाले. बाई गेल्या. कॅमेऱ्याआड त्यांनी अॅडम्स यांच्याशी हस्तांदोलन केले. बॉम्बस्फोटात आप्त गमावलेल्या कुटुंबांना ते कसे वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही आणि त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही. तथापि, १९८५ साली युनियनवाद्यांचे ऐकले गेले नाही म्हणून जिने पक्ष सोडला, तिने १९९३ साली दुसऱ्या टोकाच्या वस्तीचे ऐकण्यास जावे, यात विसंगती नाही. तत्त्व तेच आहे, केवळ अशील बदलले आहे. पुढल्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. तिचे श्रेय एका हस्तांदोलनाला देणे हा भाबडेपणा होईल. त्याच १९९३ साली, बेलफास्टच्या आधी काही आठवडे, बकिंगहॅम राजवाड्यात राणीची भेट घेणाऱ्या त्या पहिल्या आयरिश राष्ट्राध्यक्ष ठरल्या होत्या, हे त्यांचे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

वकील सत्तेवर आला की आपलेच मत कायदा म्हणून लादील, अशी एक भीती असते. तिची कसोटी १९९५ साली लागली. परदेशातील गर्भपाताच्या सोयींविषयी माहिती देण्यास मुभा देणारे विधेयक त्यांच्या सहीसाठी आले. हा विषय त्यांना परका नव्हता; १९८९ साली अशी माहिती छापणाऱ्या विद्यार्थी-पुढाऱ्यांचे वकीलपत्र त्यांनीच घेतले होते. मनाला पटलेले विधेयक होते. सही करून मोकळे होता आले असते. पण त्यांनी घटनेच्या २६ व्या कलमाचा आधार घेऊन, सल्लागार मंडळाशी विचारविनिमय करून, ते सुप्रीम कोर्टाकडे पाठविले. तेथे ते वैध ठरले, आणि मगच सही केली. १९६७ सालच्या त्या भाषणातील बहुतेक मागण्याही या पदावर असतानाच त्यांच्या सहीसाठी आल्या. आत्महत्या आणि समलिंगी संबंध यांना गुन्ह्यांच्या यादीतून काढणारे दोन्ही कायदे १९९३ मध्ये, आणि सार्वमतानंतरचा घटस्फोटाचा कायदा १९९६ मध्ये, त्यांच्याच सहीने पक्के झाले. नॉरिस खटल्यातील वकिलाला आपल्या अशिलाच्या सुटकेच्या कागदावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही करण्याचा योग आला, असे दुसरीकडे कोठे घडल्याचे मला माहीत नाही.

राष्ट्राध्यक्षपदानंतरचा काळ थोडक्यात सांगतो; त्याचे मूळ मात्र थोडे आधीचे आहे. १९९२ साली दुष्काळग्रस्त सोमालियात जाऊन आल्यावर नैरोबीच्या पत्रकार परिषदेत त्यांना भावना आवरल्या नव्हत्या. तेव्हापासून त्यांचे लक्ष देशाबाहेर लागले असावे. सप्टेंबर १९९७ मध्ये, मुदत संपण्यास काही आठवडे असतानाच, राष्ट्राध्यक्षपद सोडून त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त झाल्या. ही घाई चुकली, असे पुढे त्यांनीच म्हटले आहे, आणि ते खरे आहे. उच्चायुक्त म्हणून त्यांनी चेचन्यावरून रशियाला आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या कैद्यांवरून अमेरिकेला दुखविले. त्यांच्याच कारकिर्दीत भरलेल्या २००१ च्या दर्बन येथील वंशभेदविरोधी परिषदेतून अमेरिका आणि इस्राएल उठून गेले. आपल्या दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न त्याच परिषदेत नेला होता, भारत सरकारने त्यास विरोध केला आणि अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. बलाढ्य राष्ट्रांच्या सभेत निवाडा देणारा न्यायाधीशच नसतो, हे वकिलाला उमगण्यास वेळ लागतो.

आता शेवटची गोष्ट. दुबईच्या राज्यकर्त्यांची कन्या शेखा लतीफा घरातून निसटून एका नौकेने निघाली असता, मार्च २०१८ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रात ती नौका अडविण्यात आली आणि तिला परत दुबईस नेण्यात आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात, राजघराण्यातील एका परिचित स्त्रीच्या निमंत्रणावरून, रॉबिन्सनबाई दुबईत लतीफासह भोजनास बसल्या. तिची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. आणि ही एक त्रस्त, उपचारांची गरज असलेली मुलगी आहे, असे त्यांनी बीबीसीला सांगितले. पुढे २०२० साली लंडनच्या न्यायालयाने तिचे अपहरण तिच्या पित्याच्या हुकुमाने झाले, असा निष्कर्ष काढला आणि २०२१ मध्ये तिने कोंडीतून गुपचूप केलेली चित्रमुद्रणे जगापुढे आली. तेव्हा रॉबिन्सनबाईंनी, आपली फसवणूक झाली आणि त्या भोजनाच्या वेळी लतीफाला तिच्या परिस्थितीविषयी आपण काही विचारलेच नाही, हे कबूल केले. एका पक्षाने पुरविलेल्या माहितीवर विसंबून, दुसऱ्या पक्षाला समोर बसवून आणि तरीही तिची कैफियत न घेता दिलेले ते मत होते. एखाद्या जिल्हा न्यायाधीशाने असा निकाल दिला असता तर तो अपिलात टिकला नसता, आणि ते अपील चालविण्यास १९७९ सालच्या मेरी रॉबिन्सन यांच्याइतका लायक वकील मिळाला नसता.